बकरीचं आजारपण गटाच्या बैठकीत आणा



या वेळच्या अभ्यासपाठात आपण बकऱ्यांच्या रोगांबद्दल बोलणार आहोत. सरकारी कागदावर 'शेळी' लिहितात, पण आपल्या भागात सगळ्या जणी बकरीच म्हणतात, म्हणून इथेही बकरीच लिहिते. पाठ थोडा मोठा आहे. एका बैठकीत सगळा वाचून झाला नाही तर दोन बैठकांत वाचा. जिला वाचता येतं तिने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी मधे मधे थांबवून विचारावं.

आधी एक हिशोब करू. समजा, गटातल्या एका ताईने ३०,००० रुपये कर्ज घेऊन ४ बकऱ्या घेतल्या. दोन-तीन हप्ते तिने मजुरीच्या पैशातून भरले. पुढचे हप्ते करडं विकून भरायचं ठरवलं होतं. पावसाळ्यात रोग आला आणि आठ दिवसांत ३ बकऱ्या गेल्या. बकऱ्या गेल्या, पण कर्ज गेलं नाही. हप्ता थांबला. तिच्यानंतर जिचा कर्जाचा नंबर होता तिला पैसे मिळाले नाहीत. बँकेत गटाची परतफेड मागे पडली. म्हणजे रोग एका घरच्या दावणीला आला आणि नुकसान दहा घरांचं झालं.

आणखी एक गोष्ट. बहुतेक घरांत शेत सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असतं. बकरी मात्र बाईची असते. मुलीची फी, दवाखाना, सणाचे कपडे, अडल्या वेळी बकरीच उपयोगाला येते. ती गेली की बाईच्या हातातला पैसाच जातो. म्हणून बकरीचा रोग ही एकटीच्या घरची गोष्ट नाही. तिचं आजारपण गटाच्या बैठकीत यायला हवं. या पाठात एवढंच सांगायचं आहे, बाकी सगळं त्यासाठीचं सामान आहे.

चिनावलचा धडा

फार लांब जायला नको. आपल्या यावलला लागून रावेर तालुका. तिथलं चिनावल गाव तुमच्यातल्या कितीतरी जणींचं माहेर-सासर असेल. २०२२ साली गाई-बैलांच्या लम्पी रोगाची जी मोठी साथ आली, तिची महाराष्ट्रातली पहिली नोंद ४ ऑगस्ट २०२२ ला याच चिनावलमध्ये झाली. अंगावर गाठी, ताप, पायाला सूज, जनावर चारा सोडून द्यायचं. पुढच्या काही आठवड्यांत हा रोग राज्यभर पसरला. गुरांचे बाजार बंद करावे लागले. जनावरं इकडून तिकडे न्यायला बंदी आली.

लम्पी हा गाई-म्हशींचा रोग आहे, तो बकऱ्यांना होत नाही. पण त्या साथीतून आपल्याला शिकण्यासारख्या तीन गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट. रोग बघायला लांब जावं लागत नाही. आज शेजारच्या गावात आहे तो उद्या माशी-डासाबरोबर, बाजारातून आणलेल्या जनावराबरोबर आपल्या गावात येतो.

दुसरी गोष्ट. कुणीतरी 'आमच्या गावात असं होतंय' असं सांगितलं, म्हणून नोंद झाली आणि पुढची धावपळ सुरू झाली. शासनाने मोफत लसीकरण केलं. गंमत म्हणजे त्या वेळी गाईंना जी लस टोचली ती मुळात बकऱ्यांच्या देवी रोगाची होती, कारण दोन्ही रोगांचे विषाणू एकाच घराण्यातले आहेत.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. लम्पीने मेलेल्या जनावरांसाठी शासनाने मदत दिली: गाईला ३०,००० रुपये, बैलाला २५,००० आणि वासराला १६,०००. त्यासाठी नोंद आणि पंचनामा लागत होता. जिथे सांगितल्यावर मदत मिळते तिथे रोग लपवायचं कारण राहत नाही. आणि रोग लपला नाही की तो अडवता येतो. हे सूत्र आपल्या गटालाही लागू पडतं. कसं ते पुढे येईल.

रोग आपल्या बकरीपर्यंत कसा येतो

बैठकीत विचारलं की बऱ्याच जणी म्हणतात, 'नजर लागली', 'हवा बदलली', 'नशीब'. हवा बदलते हे खरं, पण रोग बहुतेक वेळा चार रस्त्यांनी येतो.

एक, नवीन जनावर. बाजारातून आणलेली बकरी दिसायला चांगली असते, पण रोग अंगात शिरल्यापासून बाहेर दिसेपर्यंत काही दिवस जातात. तोपर्यंत ती आपल्या बकऱ्यांच्या दाव्याला दावं लावून उभी असते. बकरी ईदच्या आधी बाजारात जनावरांची खूप ये-जा होते. त्या काळात जास्त जपायचं.

दोन, चराई आणि पाणी. सातपुड्याच्या पायथ्याला गावोगावचे कळप एकाच नाल्यावर पाणी पितात, एकाच रानात चरतात. एका कळपात रोग असला तर तो दुसऱ्यात जायला वेळ लागत नाही.

तीन, आपण स्वतः. आजारी बकरीची सेवा करून त्याच हाताने, त्याच चपलेने आपण चांगल्या बकरीजवळ जातो. तीच बादली, तीच दोरी वापरतो.

चार, चारा. हा रोग नाही, पण मरण तेवढंच लवकर येतं. कपाशीवर फवारणी झालेल्या शेतात बकरी शिरली, पावसाने ताण दिलेल्या ज्वारीची कोवळी फूट तिने खाल्ली, नाहीतर खळ्यावर मका-ज्वारी पोटभर खाल्ली, तर काही तासांत जीव जातो. फवारणीच्या दिवशी बकऱ्या त्या शेताकडे सोडू नका. ज्याची कपाशी आहे त्याला आधी विचारा.

हे रोग ओळखायला शिका

पीपीआर. याला बकऱ्यांचा प्लेग म्हणतात. सगळ्यात जास्त नुकसान करणारा रोग हाच. बकरीच्या अंगाचा ताप एरवी १०२ ते १०३ डिग्री असतो, तो १०४ ते १०६ पर्यंत चढतो. डोळ्यांतून पाणी येतं, नंतर चिपडं धरतात. नाकातून आधी पातळ आणि मग घट्ट शेंबूड येतो. तोंडात, हिरड्यांवर, जिभेवर फोड आणि जखमा होतात, तोंडाला घाण वास येतो. मग हगवण, खोकला, धाप. लहान करडं लवकर दगावतात. हा विषाणूचा रोग आहे, त्यामुळे याला मारणारं औषध नाही. डॉक्टर जी औषधं देतात ती ताप, हगवण आणि मागून होणारा न्यूमोनिया आवरण्यासाठी असतात. खरा उपाय लस. पीपीआर माणसाला होत नाही.

जुन्या मावशींना गुरांचा बुळकांडी रोग ऐकून माहीत असेल. गावंच्या गावं ओस पडायची. तो रोग लसीकरणाने २०११ साली सगळ्या जगातून संपला. पीपीआर त्याच घराण्यातला आहे आणि २०३० पर्यंत तोही संपवायचं जगाने ठरवलं आहे. आपल्या गावातली प्रत्येक बकरी टोचली गेली तर त्यात आपलाही वाटा असेल.

आंत्रविषार. याला ईटी पण म्हणतात. पहिला पाऊस पडतो, कोवळं लुसलुशीत गवत येतं, उपाशी बकऱ्या त्यावर तुटून पडतात. पोटातले जंतू एकदम वाढतात आणि विष तयार करतात. कळपातलं सगळ्यात धष्टपुष्ट करडू संध्याकाळी चांगलं असतं आणि सकाळी मेलेलं सापडतं. कधी पोट दुखून पाय झाडतं, मान मागे टाकतं. औषधाला वेळच मिळत नाही. म्हणून पावसाळ्याच्या आधी लस, आणि पहिल्या पावसानंतर बकरीला घरी थोडा सुका चारा खाऊ घालूनच चरायला सोडायचं.

लाळ्या खुरकूत आणि घटसर्प. लाळ्या खुरकुतात तोंडाला फोड येतात, लाळ गळते, खुरांच्या बेचक्यात जखमा होऊन बकरी लंगडते. घटसर्पात जोराचा ताप येतो, गळ्याला सूज येते, श्वास घरघरतो. दोन्हींसाठी लस आहे.

देवी आणि मावा. देवीत ताप येतो आणि केस नसलेल्या जागी, म्हणजे ओठ, कास, शेपटीखाली, पुरळ उठून खपल्या धरतात. माव्यात ओठांवर फुलकोबीसारख्या खपल्या येतात, करडांना दूध पिता येत नाही. मावा माणसाच्या हाताला लागू शकतो, म्हणून उघड्या हाताने खपल्या काढत बसू नका.

जंत. हे गाजावाजा न करता खातात. बकरी खाते, पण अंगी लागत नाही. केस राठ होतात, शेण पातळ होतं, गळ्याखाली पाण्याची पिशवी उतरते. घरच्या घरी तपासायची सोपी रीत आहे. बकरीच्या डोळ्याची खालची पापणी हलकेच खाली ओढा. आतली कातडी लालसर गुलाबी असेल तर ठीक. फिकी असेल तर जंतांनी रक्त पिलं आहे असं समजा. पांढरी पडली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ही तपासणी दर महिन्याला प्रत्येक बकरीची करा. पैसा लागत नाही.

लस एकटीने नाही, गटाने

आता प्रश्न येतो, लस आहे तर मग बकऱ्या मरतात का? बऱ्याचदा कारण असं असतं की लस टोचली गेलेलीच नसते. पीपीआरची लस कोरड्या भुकटीच्या रूपात थंड पेटीत ठेवलेली असते. एका बाटलीत अनेक बकऱ्यांचे डोस असतात. पाणी मिसळून बाटली तयार केली की ती थोड्याच वेळात वापरावी लागते, दुसऱ्या दिवसासाठी ठेवता येत नाही. मग दोन बकऱ्यांसाठी अख्खी बाटली कोण फोडणार? पण गटातल्या सगळ्या जणींच्या मिळून ४०-५० बकऱ्या एका ठिकाणी उभ्या असतील तर बाटलीही वाया जात नाही आणि डॉक्टरांची फेरीही. म्हणून लसीकरण हे गटाचं काम आहे. ग्रामसंघाने पशुवैद्यकीय दवाखान्याला लेखी पत्र द्यायचं. त्यात गावाचं नाव, किती घरांत किती बकऱ्या, कोणत्या दिवशी आणि किती वाजता सगळ्या एकत्र आणतो, हे लिहायचं. पत्राची पोच घ्यायची. दिवस ठरवताना मजुरीचा विचार करा. सकाळी ७ ची वेळ मागा, म्हणजे टोचून झाल्यावर कामावर जाता येईल आणि रोज बुडणार नाही.

लसीबद्दल नेहमी ऐकू येणाऱ्या तीन शंका:

'लस दिल्यावर बकरीला ताप आला, म्हणजे लसीनेच आजारी पडली.' एक-दोन दिवस थोडा ताप किंवा टोचल्या जागी गाठ येऊ शकते. ती आपोआप जाते. लसीने शरीर तयारी करत असतं. पूर्ण ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून रोग दारात आल्यावर लस शोधून फायदा कमी.

'गाभण बकरी गाभडेल.' बकरी कितव्या महिन्यात आहे ते डॉक्टरांना सांगा, कोणती लस द्यायची आणि कधी ते ठरवतील. धसमुसळेपणाने पकडल्यानेही बकरी गाभडू शकते. गाभण बकरी हळू धरा.

'एकदा दिली, आता कशाला?' प्रत्येक लसीची मुदत वेगळी असते. पीपीआरची लस साधारण ३ वर्षं पुरते, पण मधल्या काळात जन्मलेली करडं तशीच राहतात. त्यांना तीन-चार महिन्यांची झाल्यावर द्यावीच लागते. आंत्रविषाराची लस दर वर्षी लागते आणि पहिल्यांदा देताना दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो. हा दुसरा डोसच बहुतेक जणी विसरतात.

कानात टॅग मारायला नाही म्हणू नका. त्यावरचा १२ आकडी नंबर म्हणजे बकरीचं आधार कार्ड. १ जून २०२४ पासून राज्यात टॅग नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. विमा काढला असेल तर टॅगशिवाय दावा पास होत नाही. टॅगचे नंबर गटाच्या वहीत लिहून ठेवा.

नवीन बकरी आली तर २१ दिवस वेगळी

बाजारातून, पाहुण्यांकडून, योजनेतून, कुठूनही बकरी आली तरी ती २१ दिवस वेगळ्या जागी बांधा. घराच्या दुसऱ्या बाजूला, वेगळी बादली, वेगळी दोरी. चारा-पाणी आधी जुन्या बकऱ्यांना आणि शेवटी नवीला. या दिवसांत जंताचं औषध आणि लस करून घ्या. जागा नाही असं कुणी म्हणेल. मग गटातल्या जिच्याकडे बकऱ्या नाहीत पण अंगण आहे, तिच्याकडे बांधा. २१ दिवसांच्या राखणीचा मोबदला दोघींनी बैठकीत ठरवावा.

गोठा, पाणी आणि करडं

एका मोठ्या बकरीला साधारण १० चौरस फूट जागा लागते. पावसाळ्यात जमीन ओली राहते तिथे बांबू-लाकडाचं मचाण करा. लेंड्या खाली पडतात, बकरी कोरडी राहते, खुरं सडत नाहीत. लेंड्या रोज झाडून दूर उकिरड्यात टाका. आठवड्याला जमिनीवर चुना भुरभुरवा. चारा जमिनीवर न टाकता दोरीने टांगा किंवा गव्हाणीत टाका. लेंड्यांत मिसळलेला चारा खाल्ला की जंत पुन्हा पोटात जातात. साचलेल्या डबक्याचं पाणी पाजू नका, तिथल्या गोगलगायींमुळे यकृतातले जंत होतात. सकाळी दव असताना बकऱ्या सोडू नका, ऊन पडल्यावर सोडा.

करडू जन्मलं की अर्ध्या-एक तासात चीक पाजा. जार पडायची वाट बघू नका. चीक म्हणजे करडाची पहिली लस. नाळेला टिंचर आयोडिन लावा.

जंताचं औषध पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा द्या. वजनाप्रमाणे द्या. एक बाटली चार घरांत पुरवायची म्हणून थोडं थोडं पाजलं तर जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. काही औषधं गाभण बकरीला सुरुवातीच्या दिवसांत चालत नाहीत, म्हणून पशुसखीला किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाजू नका.

पहिल्या दिवशी काय करायचं

बकरीने रवंथ सोडली, कळपातून मागे पडली, कान पाडून उभी राहिली, तर दुपारपर्यंत वाट बघू नका.

१. तिला लगेच वेगळी बांधा, सावलीत.

२. ताप बघा. थर्मामीटर गटाने एक विकत घेऊन पशुसखीकडे ठेवावा. तो माणसासाठी वापरायचा नाही.

३. पशुसखीला बोलवा, दवाखान्यात कळवा किंवा १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन करा. फोनवर सांगायचं: कधीपासून, ताप किती, शेण कसं, खाल्लं काय, शेजारी अजून कुणाच्या बकऱ्या आजारी आहेत का.

४. हगवण असेल तर मीठ-साखरेचं पाणी थोडं थोडं पाजा. पाजताना मान फार वर करू नका. बकरी गिळत नसेल तर काहीच ओतू नका. घाईने ओतलेलं तेल-पाणी फुफ्फुसात जातं आणि रोगाने नाही तर आपल्या औषधाने बकरी मरते.

५. त्या दिवशी त्या घरच्या कोणत्याच बकऱ्या सामाईक चराईला किंवा पाण्यावर सोडू नका.

६. बकरी मेलीच तर डॉक्टरांकडून शवविच्छेदन करून घ्या. कारण कळलं तर बाकीच्या वाचतात. मग खोल खड्डा करून चुना टाकून पुरा. नाल्यात किंवा रानात फेकू नका, कुत्री रोग गावभर नेतात. नाका-तोंडातून काळं रक्त आलेलं असेल तर बकरी अजिबात कापू नका, कातडंही काढू नका. तो फाशी रोग असू शकतो आणि तो माणसाचा जीव घेतो. डॉक्टर येईपर्यंत कुणाला जवळ जाऊ देऊ नका.

आपली काळजी पण घ्या. बकरी गाभडली तर पडलेलं करडू आणि जार उघड्या हाताने उचलू नका. हातमोजे नसतील तर जाड प्लास्टिकची पिशवी हाताला बांधा. गाभण बाईने हे काम करूच नये. बकरीचं दूध उकळूनच प्या. अंगात बारीक ताप राहून सांधे दुखत असतील तर दवाखान्यात 'आमच्या घरी बकरी गाभडली होती' हे नक्की सांगा.

विकायची की सांगायची?

आता अवघड गोष्ट बोलू. बकरी आजारी दिसली की घरात पहिला विचार येतो, मरायच्या आत विकून टाकू, निदान अर्धे पैसे सुटतील. आणि शेजारी कुणाला सांगायचं नाही, नाहीतर बाकीच्या बकऱ्यांना गिऱ्हाईक येणार नाही. असा विचार करणारी बाई वाईट नसते. तिच्या डोक्यावर हप्ता असतो.

पण ती बकरी बाजारातून कुठे जाते? दुसऱ्या गावातल्या आपल्यासारख्याच एखाद्या बाईच्या दावणीला. तीही गटातून कर्ज काढूनच ती घेते. आणि इथे न सांगितल्यामुळे शेजारणीच्या बकऱ्या त्याच नाल्यावर जात राहतात. म्हणजे एकीचे अर्धे पैसे वाचवायला पाच जणींचे पूर्ण पैसे जातात.

'लपवू नका' असं नुसतं सांगून भागत नाही. लम्पीच्या वेळी नोंद करणाऱ्याला मदत होती, तसा आपल्या गटातही सांगणारीला आधार पाहिजे. सांगितलं तर बैठकीत बोलणी खावी लागणार, हप्त्याचा तगादा लागणार, असं असेल तर कुणीच सांगणार नाही. म्हणून गटाने आधीच, सगळ्यांच्या बकऱ्या ठणठणीत असताना ठरवून ठेवावं. पुढे पाच ठराव लिहिले आहेत. चर्चा करा, आपल्या गटाला जमतील तसे बदला, आणि वहीत लिहून सह्या-अंगठे घ्या.

१. बकरी आजारी पडल्यापासून एका दिवसात जी सभासद गटाला कळवेल, आणि जिच्या बकऱ्यांना लस दिल्याची नोंद वहीत असेल, तिला बकरी मेल्यास गटाच्या अंतर्गत कर्जाचे हप्ते ठरावीक महिने पुढे ढकलून मिळतील. किती महिने, ते गटाने ठरवावं.

२. बकरीसाठी कर्ज देताना लस, जंताचं औषध आणि विमा यांचे पैसे कर्जातच धरायचे. बकरी घेतली आणि लसीला पैसे उरले नाहीत असं व्हायला नको.

३. आजारी बकरी बाजारात न्यायची नाही. कळपात रोग असताना त्या घरची कोणतीच बकरी विकायची नाही आणि गटातल्या कुणी घ्यायची नाही.

४. दर महिन्याच्या एका बैठकीत दहा मिनिटं बकऱ्यांची. प्रत्येकीने सांगायचं: किती बकऱ्या, किती करडं, पापणी कशी, लस कधीची.

५. गावात दोन घरांत एकसारखी लक्षणं दिसली तर अध्यक्ष-सचिव त्याच दिवशी ग्रामसंघाला आणि दवाखान्याला कळवतील.

काही घरांत डुकरंही पाळली जातात. त्यांनाही हाच नियम. डुकरांचा आफ्रिकन स्वाइन फीवर २०२० मध्ये आसाम-अरुणाचलमध्ये पहिल्यांदा आपल्या देशात सापडला. त्यावर औषधही नाही आणि आपल्याकडे वापरायला लसही नाही. रोग आलेल्या ठिकाणची डुकरं मारावी लागतात. तो माणसाला होत नाही, पण हॉटेलातलं-लग्नातलं उष्टं न उकळता घालण्याने पसरू शकतो. उष्टं घालायचंच असेल तर चांगलं उकळून, थंड करून घाला. बकरीवाल्यांचं नशीब एवढं की आपल्या मोठ्या रोगांना लस आहे. ती न देता बकरी गमावणं परवडणारं नाही.

वर्षाचं वेळापत्रक (भिंतीवर लावा)

मे ते जून: जंताचं औषध, आंत्रविषाराची लस, गोठ्याची डागडुजी, मचाण.

जून ते जुलै: पहिल्या पावसानंतर सुका चारा खाऊ घालूनच चराई. आंत्रविषाराचा दुसरा डोस राहिला असेल तर तो.

ऑगस्ट ते सप्टेंबर: गोचीड-माशा बघा, संध्याकाळी गोठ्यात कडूनिंबाच्या पाल्याचा धूर. कपाशी फवारणीच्या शेतापासून लांब.

ऑक्टोबर ते नोव्हेंबर: पावसाळा संपल्यावर जंताचं औषध. पीपीआर लस राहिलेली करडं आणि नव्या बकऱ्या टोचून घ्या.

डिसेंबर ते जानेवारी: थंडीत करडांना गोणपाट, रात्री गोठ्याला आडोसा.

लाळ्या खुरकूत, घटसर्प आणि देवी यांच्या लसीच्या तारखा दवाखान्यातून विचारून याच कागदावर लिहा.

बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गटात सगळ्यांच्या मिळून किती बकऱ्या आहेत? त्यातल्या किती जणींना लसीची तारीख सांगता येते?

२. गेल्या दोन वर्षांत कुणाच्या बकऱ्या मेल्या? कारण कळलं होतं का? तेव्हा गटाला कळवलं होतं का, आणि नसेल तर का नाही?

३. बकरी गेल्यावर सभासदाला हप्त्यात किती महिन्यांची सवलत देणं आपल्या गटाला परवडेल?

४. नवीन बकरी २१ दिवस वेगळी ठेवायला आपल्या वस्तीत कुठे जागा आहे?

दुसऱ्या प्रश्नाला वेळ द्या. कुणी जुनी गोष्ट सांगितली तर तिला बोलू नका, ऐकून घ्या. आज सांगणारीला बरं वाटलं तर पुढच्या वेळी ती पहिल्याच दिवशी सांगेल. तुमच्या गटाने केलेले ठराव पुढच्या प्रभाग संघाच्या बैठकीत घेऊन या, म्हणजे ज्या गटांनी अजून केले नाहीत त्यांना त्यावरून आपले ठराव लिहिता येतील.

तुमची क्षेत्र समन्वयक,
यावल